दोन खांब धाव, एक खांब चाल

वसंता गेल्याचा निरोप शाळेच्या फोनवर आला. वरणगावहून त्याचा मेहुणा बोलत होता. कावीळ बरेच दिवस अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता... एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. तासाची घंटा झाली, मी वर्गावर गेलो आणि मुलांना त्रैराशिक शिकवलं. माझ्यासारख्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

तेराव्यानंतर गावात शोकसभा झाली, ती भरवली आमच्या पदयात्रा मंडळानं. अध्यक्षस्थानी अर्थातच नाना. नाना मंडळाचे संस्थापक, देवीच्या निशाणाचे मानकरी आणि मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या संस्थेचे चेअरमन. गावात खुर्ची एकच आणि ती नानांच्याच मापाची. ते गहिवरून म्हणाले, "वसंतराव म्हणजे आमच्या मंडळाचे भूषण." ज्याला यांनी आठ वर्षं पळपुट्या म्हटलं, ज्याचं नाव मंडळाच्या यादीतून काढलं, तो मेल्याबरोबर भूषण झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. सभा संपल्यावर नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, पेपरनी पुरवणीमा त्यानावर काही चांगलं लिखा." लिहितोय. चांगलं होईल की नाही ते नानांनीच ठरवावं.

वसंता आणि मी एका गल्लीतले. एरंडोल-पारोळ्याच्या मधलं आमचं गाव, आणि चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायची गावाची जुनी रीत. मंडळ मंगळवारी निघे, मुक्काम करत करत पौर्णिमेच्या आत गडावर पोहोचे. सगळे अनवाणी. पुढे भगवं निशाण, आणि नियम एकच... निशाणाच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर त्याची यात्रा मोडली. बाकी वाटेत कुणी तंबाखू मळो, सुनेची निंदा करो, देवीची हरकत नव्हती.

वसंता वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. त्याला रजा मिळे मोजकी, म्हणून तो मंडळाच्या मागून दोन दिवसांनी गावातून निघायचा आणि धुळ्याला आम्हाला गाठायचा. त्याची रीत ठरलेली होती. रस्त्याकडेचे टेलिफोनचे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. पुन्हा दोन खांब धाव, एक खांब चाल. असा तो उजाडता निघून दिवस मावळायच्या आत धुळ्यात हजर. पायात फॅक्टरीचे कॅनव्हासचे बूट, कमरेला पंचा. मला त्याची ही तऱ्हा मुळीच आवडत नसे. धड चाल नाही, धड धाव नाही, ही कसली भक्ती? मी तसं त्याला बोलून दाखवलं होतं. त्यानं बुटातले खडे झटकले आणि म्हणाला, "देवी काय हजेरी लेवाले बसेल शे का, मास्तर? आपन जावानं, बस." मंडळातली थोर मंडळी त्याच्याकडे पाहून नाकं मुरडत. पायाला फोड आले की ती ते एकमेकांना दाखवत, सोन्याचे दागिने दाखवावेत तसे. वसंताच्या पायाला फोड येत नसत. तो त्याचा पहिला गुन्हा.

आठ वर्षांपूर्वी माझी आई हट्टानं यात्रेला आली होती. धुळं सोडलं, लळिंगचा घाट झाला, आणि ऊन वाचवायला मंडळानं डांबरी सोडून शेतातला गाडरस्ता धरला. माणसं मैलभर पांगलेली. आई सगळ्यात मागं, तिच्यासोबत मी आणि वसंता. दुपारी एका बांधाशी ती बसली ती उठेचना. अंग तापलेलं, घाम बंद, डोळे फिरवलेले. आमच्याजवळची बाटली रिकामी. पाण्याची टाकी आणि औषधांची पेटी मंडळाच्या टेम्पोत, आणि टेम्पो पुढच्या मुक्कामाला गेलेला. मी घाबरलो. मीच ओरडलो, "वसंता, पय!"

त्यानं विचारलंसुद्धा. "निशान पुढे शे ना, मास्तर?"

"निशान गयं खड्डामा. तू पय!"

तो निघाला. तिथं खांब नव्हते, पण त्याची लय तीच होती. लांबवर पळताना दिसे, मग चालताना, मग पुन्हा पळताना. सलग पळाला असता तर त्या उन्हात तोही कुठंतरी आडवा झाला असता, हे मला तेव्हा कळलं. वाटेतल्या सगळ्यांना मागं टाकत तो गेला आणि तासाभरात टेम्पो घेऊन परत आला. आईला आत घेतलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, तोंडात साखर-मिठाचं पाणी सोडलं. आई वाचली. आणि टेम्पोत, बटाट्याच्या पोत्यांवर, मला निशाण दिसलं. काठीसकट आडवं.

वसंतानं हळूच सांगितलं. निशाणाचे मानकरी नाना धुळ्याच्या बाहेर पडताच टेम्पोत बसले होते. गाव आलं की अलीकडे उतरायचं, निशाण खांद्यावर घ्यायचं आणि लंगडत वेशीतून शिरायचं, ही त्यांची दरवर्षीची यात्रा. वसंता पोहोचला तेव्हा ते मुक्कामाच्या गावाअलीकडच्या एका देवळात पंख्याखाली घोरत होते. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण उंटावर बसून पायाचे फोड मिरवणारा हा एकच.

संध्याकाळी मुक्कामाच्या देवळापुढं सगळे जमले. वसंताला पळत पुढं जाताना साऱ्यांनीच पाहिलं होतं, आणि निशाण नानांच्या खांद्यावर सगळ्यांच्या पुढं आहे हे सारे धरूनच चालत होते. नाना उभे राहिले. "देवीना निशानना पुढे जो पयना, तो आमना मंडळमा नही." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही बठ्ठास्ना मांगे व्हतात. तुम्ही काय दखं?"

मी तेव्हा नानांच्या शाळेत हंगामी शिक्षक होतो. जूनमध्ये कायम करायची यादी निघायची होती. आई देवळाच्या ओट्यावर निजलेली होती, जिवंत. वसंता माझ्याकडे पाहत होता.

"माले काही दिसनं नही," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि दोर मी वळून दिला. रात्री वसंताला विचारलं, तू का नाही बोललास? तो म्हणाला, "ह्या बठ्ठ्या म्हताऱ्या त्या निशानना मांगे अनवाणी चालन्यात. त्यास्ले कसं सांगू, ते बटाटास्वर झोपेल व्हतं?" माझ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

परतल्यावर आमच्याकडे वेशीत यात्रेकरूंचे पाय धुतात. घरची बाई तांब्या घेऊन उभी राहते. त्या वर्षी शोभावहिनी, वसंताची बायको, तांब्या घेऊन उभी होती. नानांनी हातानंच तिला बाजूला व्हायला सांगितलं. यात्रा मोडलेल्याचे पाय धुवायचे नसतात. माझे धुतले. कुंकू लावलं, ओवाळलं. जूनमध्ये मी कायम झालो.

परवा वरणगावला शोभावहिनीला भेटायला गेलो. तिनं चहा ठेवला आणि आपणहून सांगू लागली. वसंतानं यात्रा सोडली नव्हती. दर चैत्रात तो एकटा निघे, तसाच पळत-चालत. धुळ्याच्या पुढं मंडळ दिसलं की झाडाखाली बसून राही, मंडळ पुढं सरकेपर्यंत. गडापर्यंत असाच मागं मागं. कधी पुढं गेला नाही. आणि पुढं निशाण म्हणून जे होतं, ते आठ वर्षं टेम्पोत लोळत होतं.

"भाऊ," तिनं विचारलं, "त्यास्नी खरंच निशानना नेम मोडा व्हता का? त्या कधीच नीट सांगेत नहीत."

मग मी सांगितलं. टेम्पो, बटाटे, माझी आई, माझी नोकरी. मीच त्याला पळ म्हणालो होतो, हेही. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माणूस जळून राख झाल्यावर. माझ्या शौर्याचा मुहूर्त हा असा.

तिनं कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"त्यास्ले वाटे, तुम्ही बोलशात," ती म्हणाली. "दरसाल चैत्रमा निंघताना म्हनेत... औंदा मास्तर बोलतीन."