ओल कोणाच्या बाजूची

आरमोरीच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा एकट्याच राहणाऱ्या एका बाईंकडे भाड्याने खोली मिळाली. गोठ्यातल्या गाईला थोपटावं तशा त्या येता-जाता घराच्या भिंती थोपटत. त्यांचं प्रत्येक बोलणं "आयकून राह्यली ना?" या प्रश्नावर संपे.

पावसाळ्यात माझ्या भिंतीवर काळी बुरशी चढली. ट्रंकेतल्या साड्यांनाही कुबट वास येऊ लागला. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "भिंत माही, खिडकी तुही. ओले कपडे घरात वाळू घालतं, खिडकी लावून शाळेत जातं. मंग भिंत काय करन? आयकून राह्यली ना?"

मी आठवडाभर खिडकी उघडी ठेवली, कपडे पडवीत वाळवले. बुरशी वाढतच गेली. मी दुसरी खोली शोधते आहे हे कळल्यावर त्या आल्या आणि भिंतीला गाल लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पलीकडे गेल्या. भिंतीच्या त्या अंगाला त्यांची न्हाणी होती, आणि तिची फरशी फुटली होती.

परत आल्या त्या मान खाली घालून. "तुहा दोष नाई, बाई. माह्या आंगोळीचं पाणी हाय."

त्या दिवसापासून न्हाणी बंद. गवंडी मिळेपर्यंत त्या भर पावसात अंगणात बांबूच्या तट्ट्याआड आंघोळ करत. माझी खाट त्यांनी स्वतः ओढत आपल्या कोरड्या खोलीत नेली.

दिवाळीच्या सुमारास भिंत वाळली, चुनाही लागला. खाट परत न्यायचा विषय मात्र आम्हा दोघींपैकी कुणीच काढला नाही.