बंद करण्याआधीचं एक मिनिट

ऊर्जानगरात, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या माणसाला धुरातलं कळतं असा एक समज आहे, आणि तो आम्हीच पसरवलेला आहे. सकाळी ब्रश तोंडात धरून गच्चीवर यायचं, प्लांटच्या चिमणीकडे पाहायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं की आज बॉयलरला हवा कमी पडून राह्यली. मी टर्बाइनवरचा माणूस. बॉयलरवाल्यांशी माझा संबंध कँटीनपुरता. पण सांगायला काय जातं?

दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'टर्बो' लिहिलेलं होतं. त्या अक्षरांसाठीच घेतली म्हणा ना. टर्बो म्हणजे एंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारं मुठीएवढं टर्बाइन, ते एंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हे मी कॉलनीत इतक्या लोकांना समजावलं, की ते मला पाहून रस्ता बदलायला लागले.

गाडी बंद करायची माझी एक तऱ्हा होती. क्वार्टरसमोर आलो की एक दणदणीत रेस द्यायची आणि त्याच भरात चावी फिरवायची. स्कूटरच्या काळातली सवय, आमच्याकडे निम्मे लोक असंच करतात. वडशाला सासरी गेलो की दोन रेस. जावई आल्याचं गल्लीला कळायला नको? चंद्रपूरचे चाचा, म्हणजे माझी गाडी पाहणारे म्हातारे मिस्त्री, यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पोहोचल्यावर एंजिन एक मिनिट नुसतं चालू ठेवा, मग बंद करा, आणि वरून रेस तर देऊच नका. मी मान हलवली. मनात म्हटलं, डिझेल काय चाचा भरणार?

दोन वर्षांनी हिवाळ्यात आम्ही झाडीपट्टीचं नाटक पाहायला वडशाला गेलो. सकाळी निघताना गाडी सुरू केली आणि मागून निळा धूर असा सुटला, की अंगणात वाळत घातलेलं धान दिसेनासं झालं. मेहुणा नाकाला गमछा लावून म्हणाला, "भाऊजी, मच्छर मारून राह्यले काय?"

झालं. परतीच्या रस्त्यात मूल गाव येईस्तोवर माझं निदान तयार होतं. निळा धूर म्हणजे एंजिनात तेल जळतंय. दोन महिन्यांपूर्वी तेल कोणी बदललं? चाचांनी. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी जाहीर करून टाकलं की त्या गॅरेजात भेसळीचं तेल घालतात, माझ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या, गाड्या देऊ नका. तोवर कॉलनीतल्या बहुतेक गाड्या चाचांकडे जात. त्या आठवड्यापासून जाईनाशा झाल्या. आपल्या शब्दाला वजन आहे, म्हणून माझी छाती फुगली. आज आठवलं की शरम वाटते.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने अख्खं एंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "ज्याले बदनाम केलं, त्याले एकदा विचारा तरी."

रविवारी गेलो. एरवी रविवारी तिथे गाड्यांची रांग असे. त्या दिवशी एकही गाडी नव्हती. चाचा जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. माझी गाडी दिसली की ते नेहमी आधी चहा सांगायचे, मग बॉनेट उघडायचे. आज सरळ बॉनेट उघडलं. त्यांना सगळं कळलं होतं.

मी म्हटलं, रिंगा गेल्या. त्यांनी एंजिन सुरू केलं, तेल टाकायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि माझा तळहात त्यावर धरायला लावला. रिंगा गेल्या असत्या तर आतली हवा हाताला ढकलत असती. हाताला नुसती ऊब लागली. मग एंजिन बंद करून त्यांनी टर्बोचा रबरी पाइप काढला, तो आतून तेलाने चोपडलेला. आतल्या छोट्या पंख्याला बोट लावायला सांगितलं. पंखा पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. टर्बोचं तेल अडवणारं सील गेलं होतं. रात्रभर झिरपलेलं तेल सकाळी जळून बाहेर पडत होतं. नवं तेल निर्दोष होतं.

हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या प्लांटातलं टर्बाइन बंद करता, तवा त्याचं तेल बी लगेच बंद करता काय?"

वाफ बंद केल्यावर ते धूड थंड होईपर्यंत हळूहळू फिरवत ठेवायचं, तेलाचा पंप चालू ठेवायचा, यासाठीच तर मला पगार मिळत होता. यात चूक करणाऱ्यांवर मी बोंबलत असे. आणि स्वतःचं मुठीएवढं टर्बाइन? आधी भन्नाट पळवायचं आणि त्याच क्षणी चावी फिरवून त्याचं तेल तोडायचं, दोन वर्षं, रोज. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी हात जोडले. चाचा म्हणाले, "मले नका सांगू, साहेब. जिथी सांगितलं, तिथी सांगा."

सोमवारी बसमध्ये दांडा धरून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रेस, चावी, सील, माझी अक्कल. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, मिस्त्रीनं फुकटात काम करून देल्लं वाटते. बस हसली. खोटं बोललो तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता.

मग एकच उपाय उरला. चाचांनी टर्बो बदलल्यावर मी रोज संध्याकाळी क्वार्टरसमोर थांबून, हातातल्या घड्याळाकडे पाहत, चालू गाडीत एक मिनिट बसू लागलो. जाणारा-येणारा विचारायचा, काऊन बसून राह्यले? मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. गोष्ट एका मिनिटात मावत नसे. बायको दारातून ओरडायची की डिझेल काय माझा बाप भरणार?

उन्हाळा संपता संपता शेजारी कंटाळून म्हणाला, चला, दाखवतो माझी गाडी तुमच्या चाचांना. मी मोठ्या थाटात सोबत गेलो. चाचांनी त्याला बसायला स्टूल दिलं, समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. दोन ग्लास आले, एक शेजाऱ्याला, एक त्यांना. मी उभाच होतो. माझा चहा कॉलनीतली पाचवी गाडी त्यांच्याकडे परत आली त्या दिवशी आला.