बोट क्रमांक तीन

पियानो शिकवायला आधी पियानो लागत नाही, बोटं लागतात. मोहोपाड्याच्या एका कॉलनीतल्या हॉलमध्ये मी दर रविवारी लहान मुलांना शिकवते. वाद्य म्हणजे कुणीतरी देऊन टाकलेला कीबोर्ड. आठवडाभर मी कारखान्यांच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर पोरं आपापले पंजे गिरवतात आणि बोटांवर आकडे टाकतात. अंगठा एक, करंगळी पाच. मग खेळ. मी आकडा पुकारायचा, तेवढंच बोट उचलायचं. नाही उचललं तर ते झोपलं, त्याला गुदगुल्या करून उठवायचं. चार नंबर कायम झोपलेला.

पहिल्याच दिवशी एक सात वर्षांची मुलगी अडून बसली. "अंगठा काय बोट हाय का? बोटं चारच."

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे असंच म्हणतात, चार बोटं आणि एक अंगठा. पण मी तिला दामटलं. इथे अंगठा एक, विषय संपला. पुढच्या रविवारी ती घरच्या सगळ्यांचे पंजे गिरवून घेऊन आली, माझ्या आकड्यांसकट.

पावसाळा संपता संपता तिच्या वडलांचं उजव्या हाताचं मधलं बोट प्रेस मशीनखाली गेलं. ते एका लहान कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मशीनला जाळी नव्हती. जाळी लावली की माल कमी निघतो, म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असते. हे तिथे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही सांगत नाही. मुकादमाने त्यांना मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं आणि वाटेत बजावलं, घरी लागलं म्हणून सांग. त्यांनी तसं सांगितलं नाही. रविवारी क्लास सुटल्यावर ते हाताला पट्टी बांधून माझ्याकडे आले. अपघात कारखान्यात झाला एवढं कागदावर यावं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. ते आलं नाही तर भरपाई आणि पुढचं सगळंच बुडालं.

अर्ज मी लिहिला. ठाशीव, एकही फालतू शब्द नाही. त्याचा मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. जखमेच्या रकान्यात मी लिहिलं: उजव्या हाताचे बोट क्र. ३. क्लासमध्ये तासभर मी हेच आकडे पुकारत होते. त्यांनी वाचलं, मान डोलावली. मुलीमुळे त्यांनाही माझेच आकडे पाठ होते.

खालापूरच्या कामगार कचेरीत ठेकेदारातर्फे आलेल्या मुकादमाने अर्ज दोनदा वाचला आणि दवाखान्याचा कागद शेजारी ठेवला. "तिसरं म्हणजे करंगळीच्या शेजारचं. दवाखाना म्हणतो मधलं. ताई, तुटलंय कुठलं ते आधी घरी बसून ठरवा की." मग कारकुनाकडे वळून म्हणाला, घरी कोयत्याने लाकडं फोडताना लागलंय, आता आमच्या गळ्यात घालतायत.

मुलीच्या वडलांनी हात टेबलावर ठेवला. हात तिथेच होता, पट्टीसकट. कारकुनाने दोन्ही कागदांकडे पाहिलं, हाताकडे नाही. अर्ज दुरुस्त करून आणा, म्हणाला. म्हणजे एकाच माणसाच्या सहीचे दोन अर्ज, आणि दोन्हींत बोट वेगळं. हे मुकादमाने बाहेर व्हरांड्यात आम्हाला अगदी शांतपणे समजावलं. खोट्या अर्जाची भानगड नको असेल तर घरी लागलं असं लिहून द्यायचं, पट्टी सुटली की कामावर यायचं.

मी भांडायला निघाले. चूक माझी आहे असं लेखी देते म्हटलं, पियानोचे आकडे समजावून सांगते म्हटलं. बोलतानाच मला ते किती बावळट वाटतंय ते कळत होतं.

ते म्हणाले, "तुमची चूक तुमी लिवून द्याल, ताई. खाडे माजेच व्हनार ना."

घरी लागलं असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी आली, तरी मुकादमाने चालवून घेतली. बस स्टँडवर मी विचारलं, निदान या मशीनबद्दल एक पत्रक काढू का?

"काडा," ते म्हणाले. "माजं नाव नको, कारखान्याचंबी नको. आन गेटवर मी घेनार नाय. मुकादम बघतो कोन घेतं ते."

पत्रक मी काढलं. महिनाभराने ते पहिल्या पाळीला त्याच मशीनवर उभे राहिले. गेटवर माझ्या समोरून गेले, हात खिशात. जाळी अजून भिंतीलाच टेकलेली आहे.