खालच्या वाळूत न लावलेली मेणबत्ती

माझी मुलगी बल्गेरियात डॉक्टरकी शिकते. गेल्या वर्षी मी तिला भेटून आलो आणि इथे भिवंडीत सगळ्यांना सांगितलं, मजेत फिरलो. ते अर्धंच खरं होतं. तिथल्या एका चर्चपाशी माझ्या तोंडून जे निघालं, ते मी गावच्या भाऊकीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितो.

चर्च त्यांच्या जुन्या राजधानीत, नदीकाठी. विटा-दगडाचं, बुटकं. आत सोनंनाणं असेल असं वाटलं होतं, पण भिंती जवळजवळ उघड्या. मुलगी हळू आवाजात सांगत होती. आठशे वर्षांपूर्वी एका राजानं लढाई जिंकली, त्याची हकीकत ह्या खांबावर कोरली. मग कित्येक शतकं तुर्कांचं राज्य. पुढे देश स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली ती ह्याच छपराखाली.

"आणि एका राजाची हाडं इथं जमिनीत सापडली. सैन्याची सलामी देऊन परत इथंच पुरली."

"एवढ्या वर्षांनी?"

"हो ना. आपल्या माणसाला विसरले नाहीत, पप्पा."

ती सहज बोलली. मी खांबाकडे बघत राहिलो.

दाराशी डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी मेणबत्त्या विकत होती. मुलीनं दोन घेतल्या. एक आजीची, म्हणजे माझ्या आईची, आणि एक काकाची. काका तिला हार घातलेल्या फोटोतूनच ठाऊक.

तिथे दोन जागा होत्या. वर पितळेचं तबक, खाली वाळूचा ट्रे. मेलेली माणसं वर जातात हे आपल्या डोक्यात पक्कं, म्हणून आईची मेणबत्ती मी वर लावली. म्हातारी लगबगीनं आली, ती उपटून खाली वाळूत रोवली आणि मला काहीतरी सुनावलं.

मुलगी हसली. "पप्पा, ओरडा खाल्लात! इथं उलटं असतं. वर जिवंतांसाठी, खाली गेलेल्यांसाठी. आता काकाची खाली लावा."

मी मेणबत्ती पेटवली. वाकलो. हात वाळूपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग उभा राहून मी ती वरच्या तबकात लावली.

म्हातारीनं कपाळाला हात लावला, पुन्हा पुढे आली. मी तिचं मनगट धरलं. "न्हाय," म्हटलं. आमच्या गावच्या, टेमघरच्या घरातली बोली होती ती. शहरात मी तशी बोलत नाही. म्हातारीला शब्द कळला नसेल, पण तिनं हात मागे घेतला.

"पप्पा, काय करताय? ती जिवंतांची जागा आहे."

"माहितेय."

बाहेर दगडी कठड्यावर बसून मी तिला सांगितलं. ती दीड वर्षांची असताना माझं आणि धाकट्या भावाचं भांडण झालं. मी त्याच्या थोबाडीत मारली, परत तोंड दाखवू नको म्हणालो. तो गेला तो गेलाच. पुढे आमच्या शेतावर गोडाऊन व्हायचं होतं आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं. सात वर्षं बेपत्ता म्हणून कोर्टाचा कागद मिळाला. भाऊकी म्हणाली, आता क्रियाकर्म उरकून घे, घरातली शुभकार्यं अडलीत. पिठाचा पुतळा करायचा, त्यालाच तो मानून अग्नी द्यायचा, असं ठरलं. भटजी सांगितले, पाहुण्यांना निरोप गेले.

तीन दिवस आधी फोन वाजला. सुरतेहून.

"दादा, मी बोलतोय. आई कशी हाय?"

मी म्हणालो, "राँग नंबर." आणि ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्या पुतळ्याला मीच अग्नी दिला. आई त्या दिवशी पडवीतून उठली नाही. "माझा पोर जिता हाय," एवढंच म्हणत होती. पुढे चार वर्षं, मरेपर्यंत, तेच म्हणत होती. लोकांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मीही तसंच सांगत होतो.

मुलगी म्हणाली, "आजीला मी गोळ्या द्यायचे. चक्रम आजी म्हणायचे तिला. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"तो आता जिवंत आहे का?"

"माहीत नाही."

"मग वर का लावली?"

"त्याला पुन्हा मारायची छाती झाली नाही."

तिनं माझा हात धरला नाही. धरायला नको होताच. "घरी जाऊन सगळ्यांना सांगा," म्हणाली. "माझ्या एकटीवर ठेवू नका."

परत आलो त्या आठवड्यात टेमघरला भाऊकी बोलावली आणि सांगितलं. कुणी ओरडलं नाही. सर्वांत थोरले चुलते खाली बघत म्हणाले, "मंग आमाला कशाला रडवलंस रं? मी त्या पिठाच्या पायांवं डोकं ठेवलं व्हतं." ते उठून गेले. अजून माझ्या घरी आले नाहीत.

सुरतेला दोनदा जाऊन आलो. तेव्हा फोन आलेला नंबर मी लिहून ठेवला होता; तो एका टपरीवरचा निघाला आणि ती टपरी आता नाही. लूमवाल्यांच्या गल्ल्यांतून जुना फोटो दाखवत फिरतो. एकानं विचारलं, "आपके कौन लगते हैं?" मी म्हटलं, "छोटा भाई है." पुतळ्याला अग्नी दिल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याच्याबद्दल 'आहे' असं पहिल्यांदाच म्हटलं. तो माणूस मान हलवून पुढे गेला. मी पुढच्या दारात विचारलं.