खासदारसाहेबांचा घसा

“मॅडम, साहेबांचा आवाज गेला! अर्जंट आहे!”

माझ्या नागपुरातल्या मनीषनगरच्या क्लिनिकचं दार ढकलून पीए आत शिरला, तेव्हा समोर शकुंतलाबाई आ करून बसल्या होत्या आणि मी टॉर्च धरून त्यांच्या घशात बघत होते. मी कान-नाक-घशाची डॉक्टर. तपासणी चालू असताना कोणी आत घुसलं की माझं डोकं फिरतं.

“बाहेर थांबा.”

“खासदार आहेत, मॅडम.”

“मग खासदारांना घेऊन बाहेर थांबा.”

थांबले. कोणते खासदार ते सांगणार नाही, पेशंटचं नाव सांगत नसतात. तिसऱ्यांदा निवडून आलेले होते, एवढं पुरे.

शकुंतलाबाई, हेही नाव बदललेलंच, भिवापूरच्या. अर्धं आयुष्य मिरचीच्या सातऱ्यावर गेलेलं. सातरा म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा, तिथे बायका दिवसभर बसून देठ खुडतात. घसा आतून लालबुंद, खोकला जायचं नाव नाही, जिना चढताना दम लागतो. मी औषध देते, त्या बऱ्या होतात, परत सातऱ्यावर जातात, परत येतात. त्या दिवशी मात्र बाई खुशीत होत्या. दिल्लीत कामगारांच्या आजारांचं एक विधेयक येणार होतं. त्यात मिरची-हळदीच्या धुळीने होणारा आजारही धरावा, अशी विरोधी बाकावरच्या एका खासदाराने दुरुस्ती सुचवली होती. ती मंजूर झाली असती तर त्यांच्यासारख्यांचा इलाज सरकारवर आणि कामाच्या जागी धुळीचा बंदोबस्त मालकावर आला असता. गावात कुणीतरी समजावून सांगितलं होतं.

“आपल्या खासदारानं मनावर घेतलं तं होऊन जाईन मॅडम. मले नाई तं माह्या सुनेले तरी कामी पडन.” सूनही त्याच सातऱ्यावर बसते.

मग साहेब आत आले. घशातून फक्त हवा निघत होती. मी दुर्बीण घातली. स्वरयंत्रात दोन पट्ट्या असतात, त्यांना व्होकल कॉर्ड म्हणतात. त्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आवाज निघतो. फार ओरडलं की त्यांच्यावर गाठी येतात, हाताला घट्टे पडतात तशा. साहेबांच्या दोन्ही कॉर्डवर गाठी. उद्घाटनं, लग्नं, तेरव्या, आणि दर ठिकाणी माईक. तेरवीतही हा माणूस माईक सोडत नाही, असं पीए कौतुकाने सांगत होता.

“व्हॉइस रेस्ट,” मी म्हटलं. “महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजही नाही, त्याने जास्त ताण येतो. ऐकलं नाही तर ऑपरेशन. त्यानंतर पहिल्यासारखा आवाज येईलच, याची गॅरंटी नाही.”

साहेबांचा चेहरा पडला. पीएचा त्याहून पडला. “निवडणूक आली मॅडम! मुक्या माणसाले तिकीट कोण देईन?”

“म्हणूनच आता गप्प बसायचं. नागपुरात राहू नका. इथे जो भेटेल तो बोलायला लावेल.”

पीएने क्षणभर विचार केला आणि त्याचे डोळे चमकले. “दिल्लीले नेतो ना मग! अधिवेशन सुरू होऊन राहिलं. तिथं तं साहेब बोलतच नाई!”

मला वाटलं, साहेब चिडतील. छे! त्यांनी मान डोलावली. आराम पडल्यासारखा चेहरा झाला.

तेवढ्यात पीएला शंका आली. “पण ते ‘हां’ म्हणा लागते, त्याचं कसं?”

मी विचारलं, कसलं ‘हां’? मग त्याने मला लोकशाही समजावली. बहुतेक मतदान आवाजी असतं. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी ‘हां’ म्हणावं, विरोधात असतील त्यांनी ‘ना’. ज्याचा गलका मोठा तो जिंकला. कोण काय ओरडलं, कुठेच नोंद नाही. साहेबांची सगळी कारकीर्द याच ‘हां’वर उभी. एक प्रश्न नाही, एक भाषण नाही. एकदा दहा मिनिटं मिळाली होती, ती नेत्यांचे आभार मानण्यात गेली.

“‘हां’सुद्धा नाही,” मी म्हटलं.

साहेबांनी मोबाइलवर टाइप करून माझ्यापुढे धरलं : मान हलवली तर चालेल?

“खुशाल हलवा. मानेला काही झालेलं नाही.”

बाहेर शकुंतलाबाई वाट अडवूनच उभ्या होत्या. “साहेब, त्या मिरचीच्या धुळीचं तेवढं बोलान ना तिकडं?”

साहेबांनी गळ्याला हात लावला, मग हात जोडले. पीए म्हणाला, “बाई, साहेबाचा गळा बसला आहे.”

“आज बसला. दोन टर्म तं चांगला होता नं, तवा काहून नाई बोलले?”

बाप्पा! वेटिंगमधली माणसं हसायला लागली. साहेब झपाझप गाडीत जाऊन बसले.

पुढचे काही आठवडे पीए फोनवर रिपोर्ट देत होता. साहेब रोज सभागृहात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत! बाहेर पडलं की लोक बोलायला लावतात, म्हणून आतच बसतात. पक्षातल्या लोकांना धडकी भरली, म्हणे हा काहून येऊन राहिला रोज, दुसऱ्या पक्षात चालला का?

मग ते विधेयक आलं. ओपीडी संपवून मी मोबाइलवर बघत बसले. आवाजी मतदानात दुरुस्ती पडली, तेव्हा ती मांडणाऱ्याने मतविभाजन मागितलं. मतविभाजन म्हणजे प्रत्येकाने आपल्या जागेवरचं बटण दाबायचं. हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं म्हणजे मी कुणाच्याच बाजूने नाही. यात नोंद राहते. आणि यात घसा लागत नाही, बोट लागतं.

दुरुस्ती पडली. नंतर नावं बाहेर आली. साहेबांनी लाल दाबलं होतं.

ठीक आहे. पक्षाचा आदेश असेल, तो मोडायला हिंमत लागते. ती कोणत्या दुर्बिणीने दिसते मला माहीत नाही. मी कदाचित विसरूनही गेले असते. पण आठवड्याने शकुंतलाबाई आल्या त्या रागातच. खुर्चीत बसायलाही तयार नाहीत.

“तुमी काहून असं केलं मॅडम? साहेब बोलनारच होते म्हने, डॉक्टरीनबाईनं बोलू नाई देलं. पीएनं भिवापुरात मीटिंगमंधी सांगतलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुरुस्ती यांनी पाडायची आणि बिल फाडायचं माझ्या नावावर? सातऱ्यावरच्या सगळ्या बायका माझ्या पेशंट. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव या माणसाने एका मीटिंगमध्ये घालवलं. मी त्यांना बटणांचं सगळं समजावलं आणि म्हटलं, “शुक्रवारी या. साहेब तपासणीला येणार आहेत. कोणतं दाबलं ते मी नाही, तेच सांगतील.”

शुक्रवारी दुर्बीण घातली. कॉर्ड स्वच्छ, गाठींचा मागमूस नाही. असा गुणी पेशंट मला क्वचितच मिळाला असेल.

“‘ई’ म्हणा.”

“ईईईई!” पार वेटिंगपर्यंत आवाज गेला.

“ठणठणीत. आता कितीही बोला.”

“थँक्यू मॅडम!” साहेब खणखणीत म्हणाले. “तुमचे फार उपकार आहेत. आजच संध्याकाळी भिवापूरला सभा ठेवली!”

“सभेआधी जरा थांबा.” मी दार उघडून शकुंतलाबाईंना आत घेतलं.

बाईंनी नमस्कार केला, अगदी रीतसर. मग विचारलं, “साहेब, आमच्या धुळीच्या टायमाले तुमी कोनचं बटन दाबलं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पीएकडे पाहिलं. पीए छताच्या पंख्याकडे बघत होता. मग साहेबांचा हात सावकाश वर गेला आणि गळ्यावर टेकला. ओठ हलले. आवाज नाही.

“साहेब, घसा बरा आहे तुमचा,” मी म्हटलं. “आत्ताच बोललात. उत्तर द्या.”

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

शकुंतलाबाई पदर खोचत मला म्हणाल्या, “राहू द्या मॅडम. बिमार मानसाले तरास नाई देऊ.”

कॉर्ड निरोगी, फुप्फुसं निरोगी, तरी ऐन वेळी आवाज निघत नाही, याला आमच्यात फंक्शनल अफोनिया म्हणतात. याला ऑपरेशन नाही, औषधही नाही. पेशंटला खुर्चीवरून उठवून घरी पाठवायचं, एवढाच इलाज, आणि तो डॉक्टरच्या हातात नसतो.