शाळेसमोरची तूर

आमचे शेजारी धनसिंगकाका रोज सकाळी दहा वाजता शाळेसमोरच्या डांबरी रस्त्यावर तूर वाळत घालत आणि संध्याकाळी साडेपाचला ती गोळा करत. तूर आधीच वाळलेली असे. हंगामाचे दोन महिने सोडले तर ती नीटशी तूरही नसे. खाली कुटार, म्हणजे मळणीतून उरलेले भुसकट, आणि वर दिसण्यापुरती दोन पायल्या तूर. लांबी वीस पावले, रुंदी अर्धा रस्ता, कडेने डोक्याएवढे दगड. पावसाळ्यात ते ताडपत्री अंथरून तिच्याभोवती दगड ठेवत. ताडपत्रीखाली काहीच नसे.

वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक मोठा रस्ता सोडून आमच्या गावातून जातात. आठ किलोमीटर वाचतात. मी पहिल्यांदा तुरीचे कारण विचारले तेव्हा काका उकिडवे बसून दगड सरळ करत होते. "बसा भाऊ, अन् पाहा," ते म्हणाले. मी पाऊण तास बसलो. एकोणीस ट्रक गेले. एकोणीसही ट्रकांनी वेग कमी करून दगडांच्या बाहेरून चाक काढले.

"लेकरू पाहून हे हॉर्न मारतेत, तूर पाहून ब्रेक मारतेत," काका म्हणाले. "शेतकऱ्याचेच पोट्टे हायत ना. धान्यावर चाक घालाले जीव होत नाही त्यायचा."

काका बंजारा समाजाचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले होते आणि रस्त्याची समज आपल्याला तिथून आली, असे काका मानत. "चालणाऱ्याले अडवलं तं तो चिडते. त्याले थांबाचं कारण द्या लागते." हे ते ट्रकबद्दल बोलत आणि रुसून निघालेल्या जावयाबद्दलही.

नगरपंचायतीची अडचण उलटी होती. तिला चालण्याचे कारण द्यावे लागे. गतिरोधकासाठी काकांनी आठ अर्ज केले. अक्षर माझे, कारण मी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर काम करतो आणि माझा आकडा चुकत नाही असा त्यांचा समज. काका सांगत, "लिहा, दोन लेकरं खरचटले, तिसऱ्याचा पाय गेला, आता चौथ्याची वाट पाहून राह्यले काय?" मी लिहिले, 'आजवर झालेल्या अपघातांची संख्या तीन.' त्यांनी ते वाचून घेतले. "पोत्यायची मोजणी वाटते," ते म्हणाले, पण सही केली.

आठव्या अर्जानंतर विषय सभेत आला. प्रभागाच्या निधीवर मागण्या दोन होत्या, स्वागत कमान आणि गतिरोधक. सभेने कमान मंजूर केली. गतिरोधकासाठी गावाने दहा टक्के लोकवाटा भरला तर विचार करू, असे ठरले.

"म्हणजे गावात या म्हणायले पैसे हायत," काका म्हणाले, "हळू या म्हणायले नाहीत."

लोकवाटा आम्ही आठवड्यात भरला. मंजुरीही आली.

काम सुरू झाले त्या दिवशी काका भाचीच्या लग्नाला घाटंजीला गेले होते. निघण्यापूर्वी नेहमीप्रमाणे तूर घालून गेले. मजुरांना घेऊन आलेल्या मुकादमाने शाळेसमोर तूर पाहिली आणि मालकाची चौकशी केली. मालक गावात नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या धान्याले हात कोण लावन, बाप्पा?" त्याच्या कागदावर 'शाळेजवळ' एवढेच लिहिलेले होते. तूर ओलांडून पुढे मोकळा रस्ता मिळाला तिथे त्याने गतिरोधक घातला. मी नंतर मोजले. शाळेच्या फाटकापासून सत्तेचाळीस पावले. ती जागा बरोबर काकांच्या घरासमोरची होती.

संध्याकाळी काका ऑटोतून उतरले आणि थेट त्या ओल्या डांबरापाशी गेले. "कुटारानं घात केला," एवढेच म्हणाले.

चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, "काका, आपल्याच दारात ब्रेकर? आता झोप चांगली लागत असन!" ते काकांनी ऐकून घेतले. पण ट्रक आता त्यांच्या घरासमोर हळू होत आणि तिथून जो वेग धरत, तो शाळेसमोर पुरा होई. एकदा वेग मोडला, तो पुन्हा तुरीसाठी मोडायला ड्रायव्हर राजी नव्हते. चौथ्या दिवशी चाक तुरीवरून गेले.

नगरसेवक म्हणाले, "काका, एका कामाले दोनदा मंजुरी भेटत नाही. नियम हाय."

"मंग ब्रेकर राहू द्या," काका म्हणाले. "मी शाळेचं फाटक सरकवतो."

नगरसेवक हसले. काका हसले नाहीत.

काकांचे अंगण आणि शाळेचे मैदान यांच्यामध्ये एकच भिंत होती. काकांनी नववा अर्ज मुख्याध्यापिकांकडे केला. भिंतीत दार काढायचे. मुले गतिरोधकावर रस्ता ओलांडतील, काकांच्या अंगणातून जातील आणि त्या दाराने शाळेत शिरतील. काकू भडकल्या. "दीडशे पोट्टे माह्या अंगणातून? मी कुरड्या कुठं वाळू घालू?"

"रस्त्यावर घाल," काका म्हणाले. "माही जागा खालीच हाय आता."

काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी वाटेतली गाय स्वतःच मागच्या बाजूला नेऊन बांधली.

दार झाल्यापासून अपघातांची संख्या शून्य आहे. हा आकडा मी दोनदा तपासला आहे.

काका मागच्या हिवाळ्यात एका पहाटे झोपेतच गेले. दहा वाजता त्यांना अंगणात ठेवले होते, तिरडी बांधणे चालू होते, आणि गतिरोधकापलीकडे पोरे जमू लागली. शाळेला सुटी नव्हती. कोणीतरी म्हणाले, "आजच्या दिवस समोरच्या फाटकातून पाठवा."

काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "तिकडं ट्रक हायत," त्या म्हणाल्या. "इकडूनच येऊ द्या."

आम्ही बांबू बाजूला घेतले. पोरांनी चपला हातात घेतल्या आणि एकामागे एक, भिंतीला लागून, न बोलता गेली. शेवटची मुलगी दारातून आत शिरली, तेव्हा आम्ही काकांना उचलले.