पंच्याखालचा आकडा

पिंपळीत कॅनॉलच्या कडेनं पळणारी पहिली मुलगी मी, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर पहाटे डबा घेऊन तिथं बसणाऱ्या माणसांना. पुरुषमाणूस दिसला की बसलेल्या बायकांनी पदर सावरत उठून उभं राहायचं, अशी आमच्याकडची रीत. पुरुषांवर कधी कुणासाठी उठायची वेळ आलेली नव्हती. मी पळत निघाले की त्यांना उठावं लागायचं, आणि माझ्यामागं सायकलवर माझे वडील असायचे, म्हणून वर नमस्कारही करावा लागायचा. एका हातात डबा धरून नमस्कार करणाऱ्या त्या माणसांना बघून मला इतकं हसू यायचं की पळता पळता दम तुटायचा.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते बारामतीत एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. त्यांच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ असायचं, पेशंटची नाडी मोजायला लागायचं म्हणून. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. दर जयंतीला विहारासमोरच्या स्टेजवर माईक धरून ते पोरींना शिकवा म्हणून सांगायचे, आणि नुसतं सांगायचे नाहीत. मला त्यांनी कॉलेजात घातलं. पोलिसात मुलींसाठी जागा निघायला लागल्या तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनीच आणलं. "बघ, जमंल का? लेखी तुला अवघड न्हाय. पळायचं तेवढं बघावं लागंल," असं म्हणून त्यांनी ते कात्रण माझ्या वहीत ठेवलं.

भरतीत मैदानाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या वेळेत मारायच्या होत्या. आबांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचे फेरे मोजत मोजत कॅनॉलच्या पुलापासून निघाले आणि पहिल्या मोरीच्या थोडं पुढं चुन्याची रेघ ओढली. त्या दोन फेऱ्या म्हणजे पुलापासून रेघेपर्यंत. रोज पहाटे मी पुढं आणि आबा सायकलवर मागं. माझा वेग वाढला की मागच्या चेनची करकर वाढायची, मी सैल पडले की तीही सैल पडायची. समोरून वारा असला तर छातीवर घ्यावा लागायचा, उसाची ट्रॉली आली तर कडेच्या मुरमात उतरावं लागायचं. तिथं पाय सरकायचे, शिव्या तोंडात यायच्या, पण किती जोरात पळायचं हे माझं मला ठरवता यायचं. आबांच्या हातात फक्त घड्याळ होतं.

दिवाळीच्या आसपास एके दिवशी मी रेघ ओलांडली आणि आबा सायकल टाकूनच धावत आले. "बसलं! वेळेत बसलं, पोरी!" त्यांनी मनगट माझ्या डोळ्यांपुढं नाचवलं. मला घामानं काही दिसत नव्हतं, पण त्यांचा चेहरा दिसत होता. संध्याकाळी ते बारामतीहून भेळ घेऊन आले आणि ती सगळ्या आळीला वाटली.

त्याच आठवड्यात सणसरहून आत्या आली, आबांची धाकटी बहीण. तिचा मुलगा साखर कारखान्यात कारकून होता. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क धरतात, आणि आबांनी मी पाळण्यात असताना बहिणीला शब्द दिला होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. पण नोकरी लागल्यावर बघू, असं आबा म्हणायचे, म्हणून मी तो विषय ताकाच्या मडक्यासारखा झाकून ठेवला होता. आत्यानं मला ट्रॅकपँट घालून पळून येताना बघितलं. दुपारी ती आणि आबा गोठ्यापाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. मी चहा घेऊन गेले तशी दोघंही गप्प झाली. आत्यानं चहा उभ्याउभ्याच प्यायला आणि चारच्या एसटीनं निघून गेली.

दोन दिवसांनी त्या डबेवाल्यांपैकी दोघं-तिघं दारात आले. त्यातले एक म्हातारे लाजत लाजत म्हणाले, "आबा, पोरगी पळती त्याला आमचं कायबी न्हाय. पण आमची सकाळच हुईना झालीया." घरातून मी खो खो हसले. आबा हसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "डॉक्टरांच्या घरी वरच्या मजल्यावर पळायचं मशीन हाय. पडूनच असतंय. बाईंना विचारलंय मी. तितं पळ. लोकांची कटकट बी न्हाय, आन् मशीन कसं, चोख माप सांगतंय."

डॉक्टरांना स्वतःला रक्तदाबाचा त्रास झाल्यावर त्यांनी ती ट्रेडमिल पुण्याहून आणवली होती. पंधरा दिवस ते तिच्यावर चालले, नंतर तिच्यावर ओले टॉवेल चालायला लागले. डॉक्टरीणबाईंनी हसत हसत टॉवेल काढले आणि मशीन मला दिलं. अट एकच, बाहेरचे बूट आत चालणार नाहीत. म्हणून मी अनवाणी पळायचे, आणि रबरी पट्ट्यानं तळवे भाजल्यासारखे व्हायचे. रोज पहाटे आबांच्या कॅरिअरवर बसून बारामती गाठायची, मशीनवर पळायचं आणि एसटीनं परत यायचं. पळायला जायचं म्हणून बसून जायचं, याचं मला पहिल्या दिवशी फार हसू आलं होतं. कॅनॉल शेजारून जात असायचा आणि मी कॅरिअर घट्ट धरून त्याच्याकडं बघायचे.

आबांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. मशीनवर ताशी बाराचा आकडा धरून पळालं की दोन फेऱ्या वेळेत बसतात. पहिल्या दिवशी खरंच बारा असणार, कारण माझी जीभ बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी आबांनी लाल आकड्यांवर आपला पंचा टाकला. म्हणाले, "आकडा बघितला की पाय बिचकतो. तू फकस्त ठेका धर. आकडा बघायला मी हाय न्हवं?" बटणंही त्या पंच्याखालीच होती. आबा बाजूला उभे राहून एक हात पंच्याखाली घालायचे, घड्याळाचा हात वर धरायचे, आणि शेवटी म्हणायचे, "बसलं."

माझी मुलगी आता पुण्यात जिमला जाते. कानात गाणी घालून ट्रेडमिलवर पळते आणि मला सांगते, आई, बाहेर पळणं काय नि आत पळणं काय, पाय तेच. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण पाय ते नसतात. रस्त्यावर आपण जमीन मागं ढकलतो. मशीनवर जमीन आपली आपण मागं जात असते, आपण फक्त पडायचं टाळत असतो. वारा नाही, चढ नाही, ट्रॉली नाही, समोर खिडकी आणि खिडकीत शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. महिनाभरात मला त्या पट्ट्याची इतकी सवय झाली की आपला स्वतःचा वेग म्हणून काही होता हेच मी विसरले. शिवाय पळणं सोपं जायला लागलं. दम लागेना. मला वाटलं, मी तयार झाले. आबांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "मग! मशिनीची कमाल हाय."

भरतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाच्या नादी लागून पहिल्या फेरीत जीव काढू नको. मशिनीचा ठेका धर. त्या पोरी दुसऱ्या फेरीत गळत्यात बघ." शिट्टी झाली. सगळ्या पोरी सुसाट पुढं गेल्या आणि मी ठेका धरून पळत राहिले. मला त्यांची कीवसुद्धा आली, खोटं कशाला सांगू. पहिली फेरी संपताना कडेच्या हवालदारानं ओरडून वेळ सांगितली आणि मला कळलं, मी फार मागं पडलेय. दुसऱ्या फेरीत मी ठेका सोडला आणि मिळेल तसे पाय टाकले, पण त्या वेगाचा दम अंगात उरलेला नव्हता. तो कॅनॉलवर होता. चौदा सेकंदांनी मी राहिले. एकही पोरगी गळाली नव्हती.

परतताना एसटीत मी आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नशिबात नसंल." मी म्हटलं, "आबा, तुमी एवढं केलं आन् मीच कमी पडले." या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. मी त्यांची माफी मागितली होती.

उन्हाळ्यात सणसरच्या आतेभावाशी माझं लग्न झालं. नापास झालेल्या माणसाला नाही म्हणायचा धीर होत नाही, आणि पुढच्या भरतीबद्दल घरात कुणी बोललंही नाही. नवरा वाईट नव्हता. त्याला या कशातलं काही माहीत नव्हतं. लग्नात त्यानं मला घड्याळ घेतलं, सेकंदकाट्याचं, मीच तसं मागितलं होतं. कशासाठी हवं ते त्यानं विचारलं नाही.

पुढच्या जयंतीला मी माहेरी आले. आदल्या दिवशी बारामतीत बांगड्या भरायला गेले होते, तशी डॉक्टरीणबाईंना भेटायला वर गेले. मशीनवर पुन्हा टॉवेल वाळत होते. चहा देता देता बाईंनी विचारलं, "गुडघा कसा आहे गं आता?"

"कुठला गुडघा?"

"अगं, तुझा. वडील म्हणाले होते ना, गुडघा दुखतो, बाराचा वेग तिला झेपायचा नाही, दहाच्या वर नको. पोरगी हट्टी आहे, तिला कळू देऊ नका म्हणाले, म्हणून मी कधी बोलले नाही. एकदा मी त्यांना हळूच म्हटलं, अकरा करून बघू या का, तर त्यांनी बटणावर हातच ठेवला. किती जपायचे गं तुला."

माझा गुडघा कधीच दुखला नव्हता. मी चहा संपवला, बशी विसळून ठेवली आणि निघाले. जिन्यात मला सगळं ओळीनं आठवत गेलं. कॅनॉलवर मी वेळेत बसले, आत्या आली, गोठ्यापाशी बोलणं झालं, मशीन आलं, पंचा आला. डबेवाले बिचारे फुकट बदनाम झाले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि खाताना ते माझ्याकडं बघून "बसलं" म्हणत होतं. शब्द दिलाय, तू पळू नकोस, असं आबांनी सरळ सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण त्यांना माझ्याशी भांडायचं नव्हतं. मी आपल्या पायांनी हरायला हवी होते. इतक्या मायेनं कुणी केसानं गळा कापल्याचं मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा स्टेजवर उभे राहिले. पांढरा सदरा, छातीवर निळा बिल्ला. "पोरींच्या पायांत बेड्या घालू नका," ते माईकवर म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी मला कोपरानं ढोसलं, "वाजव की! बाप हाय तुजा." मी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना उठवलं. "आबा, सायकल काढा."

त्यांनी सायकल काढली. मी जुने कॅनव्हासचे बूट घातले, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली. पुलापाशी आल्यावर आम्ही दोघांनीही आपापलं घड्याळ बघितलं, पण माझं त्यांनी बघितलं नाही. मी निघाले. वर्षभरात पाय जड झाले होते, छाती अर्ध्यातच फुटायला आली. डबेवाले उठून उभे राहिले. मागं चेनची करकर हळूच येत होती. चुन्याची रेघ कधीच पुसून गेली होती, पण जागा मला पाठ होती. तिथं पोचल्यावर मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले आणि आबांची वाट बघितली. खरा आकडा सांगा, मी मनात म्हणत होते. आज एकदा सांगा, मग मी मागचं काहीच विचारणार नाही.

आबा सायकलवरून उतरले. मनगट डोळ्यांजवळ नेलं. चेहरा अगदी पूर्वीसारखा फुलला.

"बसलं! वेळेत बसलं, पोरी!"

मी माझं मनगट त्यांच्यापुढं धरलं. पाऊण मिनिट जास्त लागलं होतं. सेकंदकाटा फिरत होता. आबांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, सायकलच्या मुठीवरचा पंचा काढून तोंड पुसलं.

"तुजं घड्याळ पुढं जातंय," ते म्हणाले.

मग त्यांनी सायकल वळवली आणि कॅरिअरवर हात थोपटला. "बस, दमलीस."

मी चालत घरी गेले.